सातबारा कोरा राहू दे

पुणे,
१७ ऑगस्ट

चि. मनू,


परवा रात्री तुझ्या आईचा फोन आला होता. आधी पावसाचं बोलून झालं, मग पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते, मग दाजींचा गुडघा. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मनूच्या शिक्षणासाठी मळ्यातली दोन एकरं बँकेत तारण द्यायची म्हणतायत हे. तुझं काय मत?" ताई माझं मत विचारते तेव्हा तिचं उत्तर ठरलेलं असतं, ते फक्त दुसऱ्याच्या तोंडून यावं अशी तिची इच्छा असते. या वेळी ते उत्तर 'नको' असं आहे, आणि माझंही तेच आहे. पण नुसत्या 'नको'ने तुझ्यासारखी मुलगी थांबत नाही, थांबूही नये. म्हणून हे लांबण लावलेलं पत्र. शूटिंगला सुट्टी असेल त्या दिवशी चहा घेऊन बस आणि वाच.

तू पाठवलेला तक्ता मी पाहिला. त्या सल्लागाराने तुला चार शाळा सुचवल्या आहेत, दोन अमेरिकेतल्या आणि दोन इंग्लंडमधल्या. चारही खासगी. त्यातली जी 'परवडणारी' म्हणून त्याने हिरव्या रंगात रंगवली आहे, तिची एका वर्षाची फी म्हणजे दाजींची किती वर्षांची ऊसबिलं, हे एकदा घरी बसून मोज. आणि खाली तू मला लिहिलंस, "फाळक्यांनीही विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्याच होत्या ना, मामा?"

टाकल्या होत्या. पण पुढचं आठव. १९१२ च्या फेब्रुवारीत दादासाहेब लंडनला निघाले आणि दोनेक महिन्यांत परत आले. सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते डोळ्यांनी पाहिलं, विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्च्या फिल्मची सोय केली, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्यांचं कर्ज कॅमेऱ्यात गेलं, फिल्ममध्ये गेलं. तुझ्या तक्त्यातलं कर्ज फीमध्ये आणि घरभाड्यात जाणार आहे. दोन्ही कर्जंच, पण एकातून सिनेमा निघाला आणि दुसऱ्यातून पदवी निघते. पदवीवर कुणी कॅमेरा भाड्याने देत नाही.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, ठेच लागली म्हणून सांगतो. मी कर्ज काढून परदेशात एक वर्ष संकलन शिकून आलो, एवढंच तुम्हा मुलांना माहीत आहे. शाळेचं नाव कधी सांगितलं नाही, आजही सांगत नाही. फीचा आकडा पत्रावर छापलेला होता, तो मी भरला. जे छापलेलं नव्हतं ते तिथे गेल्यावर कळलं. शेवटच्या फिल्मचा कच्चा माल आणि लॅबचं बिल विद्यार्थ्याच्या डोक्यावर. लोकेशनचा विमा विद्यार्थ्याचा. नटांचं जेवण, गाडीभाडं, मिक्सिंग, सगळं त्याचंच. अर्ध्या वर्षात पैसे संपले, तेव्हा तुझ्या आजोबांनी आणखी एकदा उसनवारी केली. परत आल्यावर मी अकरा वर्षं गोरेगावात रोजच्या मालिका कापल्या. रात्री दोनला एपिसोड द्यायचा, सकाळी अकराला पुन्हा मशीनवर. वाईट काम नव्हतं ते, त्या कामाने घर चाललं. पण परदेशातून येताना बॅगेत जी पटकथा होती ती अजून कपाटात आहे. तिला निर्माता मिळाला नाही असं मी लोकांना सांगतो. खरं असं की माझा निर्माता ठरलेला होता, बँकेचा हप्ता. मी कुठलं काम घ्यायचं, कुठलं नाही, हे अकरा वर्षं त्याने ठरवलं.

म्हणून माझ्या लेखी स्वस्त शाळेची व्याख्या एकच. शिकून बाहेर पडल्यावर पुढची दोन वर्षं तुला तुझ्या मनासारखं काम नाकारायला किंवा स्वीकारायला जी मोकळीक ठेवते, ती शाळा स्वस्त. फी कितीही असो.

आता हिशेब कसा मांडायचा ते सांगतो. वहीत चार रकाने आख. पहिला फी, दुसरा राहणं-खाणं, तिसरा फिल्म बनवण्याचा खर्च, चौथा किती वर्षं. तुझ्या सल्लागाराने पहिला भरला, दुसरा अर्धा भरला, तिसरा नि चौथा कोराच ठेवला. अमेरिकेतला एमएफए बहुतेक ठिकाणी तीन वर्षं चालतो, युरोपातलं मास्टर्स सहसा दोन, इंग्लंडमधली बरीचशी एका वर्षाची. एका वर्षाची फी पाहून शाळांची तुलना करणं म्हणजे एका लग्नाचा नुसता हॉल आणि दुसऱ्याचा हॉल, जेवण, मंडप शेजारी ठेवून कुठलं स्वस्त ते ठरवण्यासारखं आहे. आणि तिसरा रकाना तर कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. तो शाळेच्या कचेरीकडून कळत नाही, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून कळतो. त्यांना शोधून काढ आणि विचार: तुम्ही स्वतः किती फिल्म दिग्दर्शित केल्या? पैसे कुणी घातले? कॅमेरा शाळेचा की भाड्याचा? फिल्मचा मालक कोण, तुम्ही की शाळा? पाच जणांना विचारलंस की तुला खरी फी कळेल.

आधी अमेरिका, कारण तुझा जीव तिथे अडकलाय. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश स्कूलची पदव्युत्तर फिल्मची फीच वर्षाला ६०,००० डॉलरच्या वर आहे. त्यावर न्यूयॉर्कचं घरभाडं, त्यावर तुझी फिल्म, आणि हे तीनदा. पूर्ण शिष्यवृत्ती असेल तर जा, मी विमानतळावर पेढे घेऊन येईन. नसेल तर तो दरवाजा बंद समज. पण त्याच शहरात सरकारी दरवाजाही आहे. ब्रुकलिन कॉलेजचं फाइरस्टाइन ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सिनेमा २०१५ साली सुरू झालं, ते न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाचा भाग आहे आणि वर्ग भरतात ते ब्रुकलिन नेव्ही यार्डातल्या स्टायनर स्टुडिओच्या आवारात, म्हणजे चालत्या स्टुडिओच्या उंबऱ्यावर. बाहेरच्या विद्यार्थ्याला तिथेही स्थानिकापेक्षा जास्त फी पडते, पण खासगी शाळेच्या मानाने ती कितीतरी कमी. फिलाडेल्फियाचं टेम्पल, ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ हीही त्याच वळणाची. अशा ठिकाणी खरी किल्ली असते 'टीचिंग असिस्टंटशिप'. तू पदवीच्या मुलांना शिकवायला मदत करायची आणि बदल्यात विद्यापीठ फी कमी करतं, वर दरमहा काही देतं. ती मिळाली असं पत्र आलं तरी नाचू नकोस. तीन प्रश्न विचार: पूर्ण फी माफ की थोडी? एका वर्षापुरती की तिन्ही वर्षं? आणि पुढच्या वर्षी ती मिळणार की नाही हे कोण ठरवतं?

आणखी एक फसगत इथेच होते. व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद विद्यापीठ देतं तेव्हा पैशांचा पुरावा मुख्यतः पहिल्या वर्षाचा बघतं. घरचे कसेबसे तेवढे उभे करतात आणि वाटतं, झालं. दुसऱ्या वर्षाचा ऑगस्ट उजाडतो तेव्हा मुलगी तिकडे आणि बाप इकडे पतसंस्थेच्या दारात. शिकत असताना कामाची परवानगी कॅम्पसवर, आठवड्याला २० तासांपर्यंत. त्यात भाजी-दूध निघेल, फी नाही. शिक्षणानंतर साधारण बारा महिने आपल्या क्षेत्रात काम करता येतं. इंजिनिअरांना मिळतात ती वाढीव दोन वर्षं फिल्मच्या बहुतेक पदव्यांना मिळत नाहीत. म्हणजे 'तिकडेच कमवून कर्ज फेडू' हा दाजींचा हिशेब एका वर्षाच्या पायावर उभा आहे.

आता तुझ्या तक्त्यात जे नावालाही नाही तिकडे ये, जर्मनीकडे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणीची फी नाही, सत्राला काही शे युरोंची वर्गणी असते तेवढीच. पॉट्सडामचं बाबेल्सबर्ग फिल्म विद्यापीठ १९५४ पासून चालू आहे, आणि ज्या बाबेल्सबर्गच्या नावाने ते ओळखलं जातं तिथल्या स्टुडिओत 'मेट्रोपोलिस' चित्रित झाला होता. बर्लिनची डीएफएफबी आणि म्युनिकची एचएफएफ या दोन्ही फिल्म शाळा १९६० च्या दशकातल्या. लुडविग्सबुर्गची फिल्म अकादमीही नावाजलेली, पण ती ज्या बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, हे लक्षात ठेव.

मग सगळे तिकडेच का जात नाहीत? दोन कारणं. जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि भाषा जर्मन. फी युरोंत नाही, वर्षांत भरायची आहे. नेमाने वर्ग केलेस तर शून्यापासून विद्यापीठाच्या पातळीपर्यंत जायला दीड-दोन वर्षं धर. पण भाषेचं सोंग घेता येत नाही. सेटवर नटाशी काय बोलायचं ते डिक्शनरीत बघून कुणी दिग्दर्शन करत नाही, हे तुला मी सांगायला नको. बरं, जर्मन शिकायला पुण्यासारखं गाव नाही, मॅक्सम्युलर भवन माझ्या घरापासून एका रिक्षाच्या अंतरावर आहे. व्हिसासाठी दोन गोष्टी आधीच माहीत असू देत. भारतीय विद्यार्थ्यांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तुझ्या पदवीच्या कागदांची पडताळणी, आणि तिला वेळ जातो. दुसरं, वर्षाच्या खर्चापोटी 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये ११,९०४ युरो आधी ठेवावे लागतात, आजच्या भावाने बारा लाखांच्या आसपास. पण नीट बघ, हे पैसे कुणाला द्यायचे नाहीत. ते तुझेच, दरमहा ९९२ युरो तुला परत मिळतात, त्यातच राहायचं-खायचं. फी आणि हे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चेक देशातही असाच एक नियम आहे. सरकारी विद्यापीठात चेक भाषेत शिकलं तर फी नाही, इंग्रजीत शिकलं तर आहे. प्रागची फामू १९४६ ची. मिलोश फोरमन, यिरी मेन्झेल, व्हेरा खितिलोवा तिथले, आणि पोलंडची अग्निएश्का हॉलंडही तिथेच शिकली. पोलंडमध्ये वुजची शाळा आहे, वायदा आणि किश्लोव्हस्की तिथून आले. ही नावं वाचून भुरळ पडते, पण मोठ्या माणसाच्या शाळेत आपण मोठे होतोच असं नाही. तुला चेक शिकायची खरंच हौस असेल तरच तिकडे बघ. केवळ फी वाचते म्हणून एखादी भाषा दोन वर्षं ओढत नेता येत नाही.

तुझ्यासाठी म्हणशील तर माझी बोटं एका नावावर थांबली, इरॅस्मस मुंडुस. युरोपीय संघाच्या पैशातून चालणारे जोड-मास्टर्स, एकाच अभ्यासक्रमात दोन-तीन देशांतल्या शाळा. 'डॉकनोमॅड्स' माहितीपटाच्या दिग्दर्शनासाठी, लिस्बन, बुडापेस्ट आणि ब्रसेल्स. 'किनो आइज' कथापटासाठी. 'व्ह्यूफाइंडर' छायाचित्रणासाठी. शिकवणं इंग्रजीत. शिष्यवृत्ती मिळाली तर फी त्यातच आणि वर दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. अर्ज साधारण हिवाळ्यात होतात, थेट अभ्यासक्रमाकडे करायचे, मध्ये कुणी लागत नाही. जगभरातून मुलं येतात, म्हणून मिळेलच असं नाही. आणि एक जपून: शिष्यवृत्तीविना, स्वतःच्या खर्चाने याच वर्गात जागा देऊ केली जाते. त्या पत्रालाही अभिनंदनाचाच सूर असतो. त्याला भुलू नकोस.

इंग्लंडचं थोडक्यात. बीकन्सफिल्डची नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूल आणि लंडन फिल्म स्कूल दोन्ही उत्तम, दोन्ही महाग. चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या मास्टर्सचा सगळा खर्च उचलते, मात्र अर्जाआधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायचं. तुझी सेटवरची दोन वर्षं इथे कामी येतील. शेड्यूल, कॉलशीट, पगाराच्या नोंदी, सगळं जपून ठेव. शिष्यवृत्ती कुठलीही असो, ती कुठल्या विषयांना मिळत नाही त्याची यादी आधी वाच. पैसे देणारे बरेचदा चित्रपटाला शिक्षणच मानत नाहीत. आणि जिथे विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते तिथे आणखी एक गंमत होते. लहानशा स्वतंत्र फिल्म शाळा त्या क्रमवारीत बसतच नाहीत, बसतात ती मोठी महागडी विद्यापीठं. तेव्हा आधी शिष्यवृत्ती वाच, मग शाळा निवड. आपण उलटं करतो.

हे सगळं तुला त्या सल्लागाराने का सांगितलं नसेल? तो माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण या धंद्याची रीत समजून घे. विद्यार्थ्याकडून फी न घेता सल्ला देणाऱ्याला कमिशन मिळतं ते शाळेकडून. ज्या शाळेत फीच नाही, ती कमिशन कुठून देणार? मग तिचं नाव तक्त्यात येणार कसं? शाळांची खरी यादी हवी तर सिलेक्टची बघ. जगातल्या फिल्म शाळांची ही संघटना १९५० च्या दशकात कान शहरात स्थापन झाली, आपली पुण्याची एफटीआयआयही तिची सभासद आहे.

एफटीआयआयचं नाव निघालंच, तर तू जे टाळते आहेस तेही बोलू. एकदा प्रवेशपरीक्षेत नाव आलं नाही म्हणून तू ते दार लावून घेतलंस. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. तिच्याच आवारात १९६० पासून ही संस्था आहे. तुझ्या गावचं बीज आहे ते. पायल कपाडिया तिथली, तिच्या फिल्मला २०२४ मध्ये कानमध्ये ग्रां प्री मिळाला. कोलकात्याला सत्यजित राय संस्था आहे. परदेशाच्या एका वर्षाच्या खर्चात या दोन्हीपैकी कुठेही सगळं शिक्षण होऊन फिल्मला पैसे उरतील. पुन्हा परीक्षा दे. नकार मिळाला म्हणून लाजायचं काय? बर्लिनच्या डीएफएफबीने फासबिंडरला घेतलं नव्हतं. तो ३७ व्या वर्षी गेला, तोवर चाळीसच्या वर फिल्म करून गेला. आणि नागराज मंजुळेंनी 'पिस्तुल्या' केला तेव्हा ते नगरला शिकत होते, प्रागला नव्हे.

आता कामाचं. कुठेही अर्ज कर, शेवटी निवड करणारे बघतात ती तुझी फिल्म. तुझी गुऱ्हाळावरची बारा मिनिटांची फिल्म मी तीनदा पाहिली. काहिलीवरची वाफ आणि त्या म्हाताऱ्या गुळव्याचे हात, हे तू शिकून केलेलं नाहीस, ते तुला दिसलं. पण आवाज वाईट आहे. चुलाण्याचा घोंगाट सगळ्यांच्या बोलण्यावर बसलाय. आणि मधली दोन मिनिटं तू केवळ शॉट सुंदर आले म्हणून ठेवली आहेस. गळीत हंगाम सुरू झाला की पुन्हा जा, आवाज वेगळा रेकॉर्ड करून आण. संकलन मी बसून करून देतो, सबटायटल्स मात्र तू स्वतः कर. गुळव्याची बोली इंग्रजीत न्यायला तुझ्याइतकं जवळचं माणूस नाही. अर्जाच्या निबंधात 'मला लहानपणापासून सिनेमाची आवड' असलं काही लिहू नकोस. गुळवा गूळ उतरवायची वेळ कशी ओळखतो ते लिही.

राहिला कर्जाचा प्रश्न. कर्ज काढूच नको असं मी म्हणत नाही. माझी मर्यादा सांगतो: तू सेटवर आज जे कमावतेस त्याच्या दोन वर्षांच्या एकूण कमाईहून जास्त कर्ज नको. ते फिटतं, आणि फिटेपर्यंत माणूस मरत नाही. त्यापुढचं कर्ज तुझ्या वयाच्या पस्तिशीपर्यंत तुझ्या शेजारी बसून प्रत्येक पटकथा वाचेल. आणि तारणाला मळा नको. सरकारी बँका साधारणपणे साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण मागतात. तीच खूण समज. बँक जिथे जमीन मागायला लागते, तिथे आपण उठून यायचं. सातबाऱ्यावर बोजा चढवायला एक दुपार लागते. उतरवायला काय लागतं ते तुझ्या आजोबांना विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या वेळचा बोजा त्यांच्या हयातीत उतरला नाही.

दिवाळीपर्यंत तुझ्याकडून तीन गोष्टी हव्यात. चार रकान्यांची वही, त्यात सहा शाळा, निदान दोन बिनफीच्या. गुऱ्हाळाचा नवा आवाज. आणि दाजींना सांग की कागदावर सही करण्याआधी मामा घरी येतोय.

ताईला नमस्कार, दाजींना गुडघ्याला जपायला सांग.

तुझा,
मामा

ता. क. जर्मनच्या पहिल्या वर्गाची फी मी भरतो. ते कर्ज नाही. फेडायची भाषा काढलीस तर कपाटातली पटकथा तुझ्याकडे पाठवून देईन, ती तू कर.